रिटायर झालात, आता पुढं काय? जगण्याचं प्रयोजन आणि तब्येत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कराडात एका वाचनालयात काम करते. सकाळी शटर वर गेलं की पेपरच्या टेबलावर ठरलेली आठ-दहा मंडळी येऊन बसतात, कुणी बँकेतले, कुणी झेडपीचे, दोघं एसटीचे, सगळे रिटायर. मागच्या वर्षी ज्येष्ठ नागरिक संघाने 'ताई तुम्ही पुस्तकातल्या, काहीतरी बोला' म्हणून मला उभं केलं आणि मी जगण्याचं प्रयोजन आणि तब्येत ह्यावर अर्धा तास बोलले, कारण आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, रिटायर झाल्यावर घरात जे काय झालं त्यानंतर मी ह्या विषयावर हाताला लागेल ते वाचत सुटले होते. तेव्हापासून तेच तेच प्रश्न येतात, टेबलावर, फोनवर, एकदा तर मंडईत कोथिंबीर निवडताना. म्हणून एकदाच लिहून टाकते. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते, गोळ्या-औषधांचं मला विचारू नका.

प्रयोजन म्हणजे नक्की काय? ध्येय म्हणतात तेच ना?

शेजारी शेजारी आहेत, पण वेगळे. ध्येय गाठलं की संपतं. मुलीचं लग्न, घराचं कर्ज, वरचा मजला, झालं की सुटलो. प्रयोजन असं संपत नाही, ते रोज सकाळी परत दारात उभं असतं. स्टॅनफर्ड विद्यापीठातले विल्यम डेमन म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी तरुण पोरांच्या बाबतीत ह्यावर बरंच काम केलंय. त्यांच्या व्याख्येत दोन अटी येतात, एक म्हणजे ती गोष्ट तुम्हाला स्वतःला मनापासून महत्त्वाची वाटली पाहिजे आणि दुसरी म्हणजे तिचा उपयोग तुमच्या पलीकडं कुणाला तरी झाला पाहिजे. दुसरी अट लोक सोयीनं विसरतात.

मी माझ्यापुरता एक शब्द धरलाय, 'अडणं'. आपल्याकडं टोमणा मारतात बघा, 'तुझ्यावाचून कुणाचं अडलंय?' हा टोमणा जरा वेळ खरा प्रश्न समजा आणि उत्तर शोधा. उद्या मी गेलोच नाही तर कुणाचं काय अडेल? कुणाचं तरी, थोडंसं का होईना अडत असेल, आणि ते अडणं आपल्याला आवडत असेल, तर माझ्या हिशोबानं प्रयोजन आहे.

आनंदात असलं की झालं की, हे वेगळं कशाला?

हा प्रश्न कुलकर्णी सरांसारखी माणसं विचारतात (आमच्याकडं तीन कुलकर्णी सर आहेत, कुणी अंगाला लावून घेऊ नये). ॲरिस्टॉटलपासून लोक ह्या दोन गोष्टी वेगळ्या मोजत आलेत, आपण मजा आणि समाधान म्हणतो तसंच थोडंफार. २०१३ साली रॉय बाउमायस्टर ह्या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळजवळ चारशे अमेरिकन लोकांना विचारून बघितलं की तुम्ही सुखी आहात का आणि तुमच्या जगण्याला अर्थ आहे का, आणि दोन्ही उत्तरं बऱ्यापैकी जुळली पण जिथं फाटे फुटले ते बघण्यासारखे आहेत. पैसा पुरेसा असणं, तब्येत चांगली असणं ह्याचा संबंध सुखाशी दिसला, अर्थाशी फारसा नाही. आणि काळजी, ताण, मागचा-पुढचा विचार करणं ह्यानं सुख कमी पण अर्थ जास्त. घरात दहावीचं पोर असलेल्या आईला विचारा, वर्ष सुखाचं गेलं का? नाही. वाया गेलं का? अजिबात नाही.

प्रयोजन असलं की आयुष्य वाढतं असं पेपरात आलंवतं, खरं का?

जोड दिसते, ती पक्की दिसते, आणि वेगवेगळ्या देशांत दिसते. पेपरातल्या हेडिंगइतकी सोपी मात्र नाही.

जपानात मियागी प्रांतात ओसाकी नावाचा भाग आहे (मोठं ओसाका शहर वेगळं), तिथं ४० ते ७९ वयाच्या ४३,३९१ लोकांना एकच प्रश्न विचारला होता की तुमच्या आयुष्यात इकिगाई आहे का, म्हणजे जगावंसं वाटायला लावणारं काही आहे का, आणि उत्तरं तीनच, हो, नाही, सांगता येत नाही. मग सात वर्षं नुसतं बघत राहिले. 'नाही' म्हणणाऱ्यांमध्ये त्या काळात मरण्याचा धोका 'हो' म्हणणाऱ्यांच्या साधारण दीडपट निघाला. त्यातही हृदयविकार, पक्षाघात आणि अपघात-आत्महत्या असल्या कारणांनी झालेल्या मृत्यूंत फरक दिसला, कॅन्सरच्या मृत्यूंत नाही. हा शेवटचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो कारण व्हॉट्सअपवर 'सकारात्मक विचाराने कॅन्सर पळाला' छापाचं जे फिरतं ना, त्याला ह्यातनं काही आधार मिळत नाही.

अमेरिकेत २०१९ साली ५० च्या पुढच्या ६,९८५ लोकांचा अभ्यास छापून आला. ज्यांचे प्रयोजनाचे मार्क (प्रश्नावलीतल्या उत्तरांवरनं काढलेले) सगळ्यात कमी त्यांचा मृत्यूचा धोका सगळ्यात जास्त मार्कवाल्यांच्या २.४३ पट. आता इथं टेबलावरचे एक काका म्हणाले, 'म्हणजे मी ८० जगणार असेन तर १९० जगेन?' तसं नाही हो काका. एका ठराविक काळात शंभरातले किती गेले त्याची ती तुलना आहे, तुमच्या आयुष्याला गुणायचा तो आकडा नाही.

आणि हे फक्त म्हाताऱ्यांचं आहे असंही नाही. २०१४ साली पॅट्रिक हिल आणि निकोलस ट्युरियानो ह्या दोघांनी विशीपासून पंचाहत्तरीपर्यंतच्या सहा हजारांवर अमेरिकन लोकांची १४ वर्षांची माहिती तपासली, तर तरुणांतही जोड तशीच.

पण उलटं असेल तर? आजारी माणसालाच कशात रस राहत नाही.

शाब्बास, हाच प्रश्न विचारायला पाहिजे आणि आख्ख्या सभागृहात तो एकाच बाईंनी विचारला, त्या गणिताच्या शिक्षिका होत्या.

ओसाकीच्या त्याच अभ्यासात ज्यांना इकिगाई नव्हती त्यांच्यात बिनलग्नाचे जास्त, बेरोजगार जास्त, कमी शिकलेले जास्त, तब्येतीच्या तक्रारी जास्त. म्हणजे मरणाचं कारण गरिबी आणि आजारपण असेल आणि प्रयोजन नुसतं मधे उभं असेल, असं होऊ शकतं. अभ्यास करणारे ह्या सगळ्याची वजावट करतात, आधीचे आजार, सिगरेट, पैसा, उदासी हे हिशोबातनं काढून मग उरलेला फरक बघतात आणि फरक उरतो, कमी होतो पण उरतो. तरी वजावट कधी शंभर टक्के जमत नाही. शिवाय खरी परीक्षा म्हणजे नाणेफेक करून निम्म्या लोकांना प्रयोजन द्यायचं आणि निम्म्यांना नाही, पण देणार कसं, ती काय गोळी आहे?

त्यातल्या त्यात जवळ जाणारा एक प्रयोग अमेरिकेत बाल्टिमोर शहरात झाला. साठीच्या पुढच्या लोकांना आठवड्याला १५ तास सरकारी प्राथमिक शाळेत पाठवायचं, लहान पोरांना वाचायला शिकवायला, शाळेच्या लायब्ररीत मदतीला. कुणाला पाठवायचं आणि कुणाला नाही हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. त्यातल्या १११ जणांच्या मेंदूचे स्कॅन दोन वर्षांनी परत बघितले तर वयानुसार मेंदू जो आकसतो तो जाणाऱ्यांमध्ये थांबल्यासारखा दिसला, खास करून पुरुषांत. आता ह्यात चालणं आलं, जिने चढणं आलं, गप्पा आल्या, मग गुण नेमका कशाचा? कोण जाणे. पण जिने चढायला कारण कुणी दिलं हाही प्रश्न आहेच की.

शरीरात नेमकं होतं तरी काय?

जादू काही नाही, बरंचसं साधं आहे. ज्याला उद्याचं काम आहे तो रात्री गोळी विसरत नाही. २०१४ साली सात हजारांवर ज्येष्ठांची माहिती तपासली तेव्हा प्रयोजनाचे मार्क जास्त असणारे कोलेस्टेरॉलची तपासणी, बायका असतील तर स्तनांची तपासणी, असल्या गोष्टी आपणहून जास्त करून घेताना दिसले आणि दवाखान्यात कमी रात्री काढताना दिसले. ते हिंडतात-फिरतात जास्त. आणि ताण आला तरी तो मुरत बसत नाही असंही म्हणतात.

अल्झायमर टळतो का?

'टळतो' म्हणू नका. पण इथं एक गोष्ट आहे जी वाचून मी पुस्तक मिटून दोन मिनिटं नुसती बसले होते.

शिकागोच्या रश विद्यापीठात पॅट्रिशिया बॉइल आणि त्यांची टीम म्हाताऱ्या माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करते, आणि त्यात भाग घेणारी माणसं मेल्यावर मेंदू द्यायचं आधीच कबूल करतात. २०१० साली त्यांनी नऊशेच्या वर लोकांचा निष्कर्ष छापला, की प्रयोजनाचे मार्क वरचे असणाऱ्यांना अल्झायमर न होण्याची शक्यता खालच्या मार्कवाल्यांपेक्षा २.४ पट. ठीक आहे, हा आकडा झाला, त्याला वर सांगितलेली 'उलटं असेल तर' ही शंका लागूच आहे, कारण अल्झायमर दिसायच्या आधी कितीतरी वर्षं आतनं सुरू झालेला असतो.

पण मग २०१२ साली त्यांनी वारलेल्या २४६ जणांचे मेंदू तपासले. अल्झायमरमध्ये मेंदूत जे थर आणि गाठी साचतात ते मोजले. प्रयोजन असणाऱ्यांच्या मेंदूतही ते साचलेले होतेच. फरक हा की तितकाच कचरा साचलेला असूनही ह्या माणसांची जिवंतपणीची स्मरणशक्ती आणि डोकं जास्त चांगलं चाललं होतं. आजार आत होता पण बाहेर कमी दिसला. घरात गळती तेवढीच, पण कुणीतरी पातेली ठेवून संसार चालू ठेवलेला, असं काहीतरी.

रिटायर झाल्यावर नेमकं जातं काय? पैसे तर असतात.

अण्णांचं सांगते. अण्णा एसटीच्या वर्कशॉपला मेकॅनिक, ३६ वर्षं. शेवटच्या दिवशी शाल, श्रीफळ, हार, ग्रुप फोटो. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला उठले, दाढी-आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, मनगटाला घड्याळ बांधून कोचावर बसले. बसलेच. आईनं चहा दिला तर म्हणले ठेव, आणि तो निवला. रस्त्यावरनं गाडी गेली की आवाज ऐकून म्हणायचे 'क्लच गेलाय हिचा', पण सांगणार कुणाला. सात-आठ महिने असे गेले. दरम्यान शुगर निघाली, आणि आईच्या डाळींचे डबे ह्यांनी आकारानं लावून ठेवले त्यावरनं घरात जे महाभारत झालं ते मी इथं लिहीत नाही.

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं गाव होतं, आख्खं गाव एका कापड गिरणीवर जगायचं आणि १९२९-३० मध्ये ती गिरणी बंद पडली. मारी याहोदा आणि तिच्या सोबतच्या संशोधकांनी तिथं जाऊन गावाचा अभ्यास केला आणि १९३३ साली तो छापला. खिडकीत लपून त्यांनी रस्त्यानं जाणाऱ्या माणसांचा वेग मोजला, तर पुरुष हळू चालायचे, मधेच थांबायचे, परत चालायचे. बायका भराभर जायच्या. आणि माझ्या धंद्यातली गोष्ट म्हणजे गावाच्या वाचनालयातनं पुस्तकं नेणं निम्म्यावर आलं होतं, पुस्तकाचे पैसे घेणं बंद केलं तरीसुद्धा! आता रिकामा वेळ तर ढीगभर होता ना? म्हणजे वाचायला वेळ लागतो हे अर्धंच खरं आहे. पुढं याहोदानं मांडलं की नोकरी पगाराशिवाय आणखी गोष्टी गुपचूप देत असते, दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, सगळ्यांनी मिळून काहीतरी करतोय ही भावना, समाजात एक जागा, आणि हातापायांना काम. रिटायरमेंट आणि बेकारी एक नव्हे, मान्य, पण ही यादी वाचताना मला अण्णा कोचावर घड्याळ बांधून बसलेले दिसत होते.

मग अण्णांचं काय झालं?

समोरच्या बिल्डिंगमधली आठवीतली एक पोरगी सायकल ढकलत चालली होती, मागचं चाक पंक्चर. अण्णा गॅलरीतनं म्हणले, 'ए, आण इकडं.' टायर काढला, ट्यूब ओढली, बादलीत पाणी घेऊन ट्यूब इंच-इंच दाबत फिरवली आणि एका जागी बारीक बुडबुडे आले तिथं बॉलपेननं गोल केला. पॉलिशपेपरनं घासलं, सोल्युशन लावलं, फुंकर मारत बसले, आणि मग ठिगळ अंगठ्यानं असं दाबून धरलं की जणू ट्यूब पळून जाणार आहे. पोरगी म्हणाली, 'आजोबा, टिकेल ना? उद्या सातला क्लास आहे माझा.'

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला अण्णा बॅटरी घेऊन खाली. हवा आहे का बघायला. तिच्या पार्किंगमध्ये, वॉचमनची परवानगी काढून.

आता आमच्या जिन्याखाली कायम चार-पाच सायकली असतात, आणि अण्णांचं म्हणणं असं की पैसे घेतले तर दुकान होईल, मग नको. शुगरची गोळी चालूच आहे, बीपीची पण. डोस कमी झाला वगैरे काही नाही, उगाच चमत्कार सांगणार नाही. पण चहा निवत नाही.

बायकांना कुठं असते हो रिटायरमेंट?

नसते. मारिएन्थालच्या बायका भराभर का चालत होत्या? घरी स्वयंपाक, पोरं, धुणं वाट बघत होतं म्हणून. म्हणजे माझ्या 'अडणं' ह्या कसोटीवर आपल्या घरातल्या बायकांना शंभरपैकी दोनशे मार्क, सगळ्यांचं सगळंच तिच्यावाचून अडतं, मग ती इतकी दमलेली का?

म्हणून मी वर लिहिलंय की अडणं 'आवडलं' पाहिजे. कॅरल रिफ ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८९ साली मानसिक स्वास्थ्याची सहा अंगं मांडली, त्यात प्रयोजन हे एक, पण त्याच यादीत स्वतःच्या मनानं ठरवता येणं हे पण आहे, आपल्या भोवतालावर आपला हात असणं आहे, स्वतःला आहे तसं स्वीकारणं, जिव्हाळ्याची नाती आणि वाढत राहणं आहे. एका अंगाला खत घालून बाकीची पाच वाळवली तर झाड कसं दिसेल? आमची आई गेली चाळीस वर्षं सगळ्यांना लागते, पण तिला विचारलं की तुला काय आवडतं तर ती म्हणते, 'तुम्ही जेवलात की झालं.' हे उत्तर मला लहानपणी फार गोड वाटायचं. आता नाही वाटत. हल्ली ती गुरुवारी भजनी मंडळात जाते आणि तिथं ती पेटी वाजवते, ती गेली नाही तर भजन खरंच अडतं, आणि गुरुवारी आमचं जेवण अडलं तरी ती लक्ष देत नाही. मला हा गुरुवार फार आवडतो.

नातवंडं सांभाळणं म्हणजे प्रयोजनच की?

असू शकतं, मनापासून असेल तर. पुण्याला किंवा अमेरिकेला मुलाकडं जाऊन ड्युटीसारखं चाललं असेल तर विचार करा. आणि एक लक्षात ठेवा, नातवंडं मोठी होतात, पाचवी-सहावीत त्यांना आजी-आजोबा फक्त पॉकेटमनीपुरते लागतात.

इकिगाईचे ते चार गोल भरून बघितले, माझं मधे काहीच येत नाही.

काही बिघडलं नाही. जे आवडतं, जे जमतं, जगाला जे लागतं आणि ज्याचे पैसे मिळतात असे चार गोल आणि मधे इकिगाई, ते चित्र जपानी नाहीच. एका स्पॅनिश ज्योतिषानं प्रयोजनाचं चित्र काढलेलं, त्याच्या मधोमध २०१४ साली एका इंग्रज गृहस्थानं 'इकिगाई' हा शब्द बसवला आणि ते जगभर गेलं. ओसाकीच्या लोकांना कुणी पैशाचा गोल दाखवला नव्हता. जपानी माणसाची इकिगाई सकाळची बाग असू शकते, नातवाचा फोन असू शकतो.

खरा अभ्यास ज्यांनी केला त्या मिएको कामिया, मनोविकारतज्ज्ञ. नागाशिमा बेटावरच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत त्या काम करायच्या, आणि तिथं त्यांना दिसलं की आजार सारखाच, बेट तेच, घरच्यांनी टाकलेलं तसंच, तरी कुणाला जगण्यात गोडी आहे आणि कुणाचं सगळं पोकळ झालंय, हे कशामुळं? त्यावर त्यांचं पुस्तक १९६६ ला आलं. मला हे वाचताना आपलं वरोऱ्याचं आनंदवन आठवलं. बाबा आमट्यांनी त्या सुमाराला, खरं तर त्याच्या आधीच, कुष्ठरोग्यांच्या हातात भीक न देता कुदळ दिली, विहीर खणायला लावली, पुढं शेती, माग, सुतारकाम. बोटं झडलेल्या माणसाच्या हातचं धान्य आणि कापड बाहेरच्यांना लागायला लागलं. कामियांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर चंद्रपूर जिल्ह्यात तयार होत होतं म्हणायचं.

मी २५ चा आहे, मला माझा पर्पज सापडतच नाहीये, काय करू?

टेबलावरचा नाही, हा स्पर्धा परीक्षेच्या खोलीतला प्रश्न आहे, आणि दर महिन्याला येतो. मायकेल स्टेगर ह्यांनी २००६ साली दहा प्रश्नांची एक प्रश्नावली केली, त्यात अर्थ 'असणं' आणि अर्थ 'शोधणं' हे दोन वेगवेगळे मोजले. असणाऱ्यांची मनःस्थिती चांगली, हे अपेक्षितच, पण शोधणाऱ्यांची अमेरिकेत जरा खालावलेली निघाली. गंमत म्हणजे जपानी विद्यार्थ्यांत तसं नव्हतं, तिथं शोधणं आणि असणं हातात हात घालून चाललेलं. म्हणजे शोधण्यात दोष नाही, शोधायला लागलो म्हणजे आपण मागं पडलो असं जे वाटतं ना, तो काटा टोचतो, हे माझं मत, स्टेगरचं नव्हे.

खोलीत बसून विचार करून ते सापडत नाही एवढं मात्र नक्की वाटतं मला. गडचिरोलीला डॉ. अभय आणि राणी बंग ह्यांनी २००६ पासून 'निर्माण' नावाचा उपक्रम तरुणांसाठी चालवलाय, त्याची पद्धत बघा, शिबिरं आहेत, वाचन आहे, पण पोरांना खऱ्या प्रश्नांसमोर, खऱ्या माणसांत नेऊन उभं करतात. तेवढं लांब जायला जमत नसेल तर आपल्या गल्लीत कुणाचं काय अडलंय ते बघायचं. आणि हो, कलेक्टर होणं हे ध्येय आहे, कलेक्टर होऊन काय करायचं ते प्रयोजन, आणि ते काय आहे हे कळलं की कधीकधी लक्षात येतं की कलेक्टर न होताही त्यातलं बरंच करता येतं.

नामस्मरण, देवधर्म चालेल का?

चालेल ना, कुणी अडवलंय? आमच्या सातारा जिल्ह्यातनं माऊलींची पालखी लोणंद-फलटणवरनं जाते, तेव्हा दिंडीत नीट बघा, नुसतं चालणारा कुणी नसतो. कुणाकडं वीणा, कुणाकडं पखवाज, कुणी पुढं जाऊन तंबू ठोकतो, कुणी भाकऱ्यांचं बघतो. सत्तरीचा म्हातारा वर्षभर गुडघ्याला तेल चोळतो कारण आषाढात त्याला पाण्याची कावड सांभाळायचीय. एकट्यानं माळ ओढण्यापेक्षा हे मला जास्त औषधी वाटतं, पण ज्याचं त्याचं.

डिप्रेशन असलेल्या माणसाला 'आयुष्याला पर्पज दे' असं सांगावं का?

कृपा करून सांगू नका. पाय मोडलेल्याला 'पळ, पळण्यानं हाडं मजबूत होतात' म्हणण्यासारखं आहे ते. डिप्रेशनमध्ये कशातच अर्थ न वाटणं हे आजाराचं लक्षण असतं, आळस नसतो. आधी डॉक्टर. आणि रात्री-अपरात्री मनात नको ते येत असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. हा नंबर मी वाचनालयाच्या नोटीस बोर्डावर लावलाय आणि कुणीतरी दर महिन्याला त्याचा फोटो काढून नेतं, कोण ते मी बघत नाही.

ह्यावर कुणीतरी व्हिक्टर फ्रँकलचं नाव काढतंच, की तो तर छळछावणीत असूनही वगैरे. फ्रँकल स्वतः मनोविकारतज्ज्ञ होते, १९४२ ला नाझींनी नेलं, आई-वडील, भाऊ, बायको सगळे त्यात गेले. छावणीत दोन माणसं जीव द्यायच्या गोष्टी करत होती, त्यांची हकीकत त्यांनी लिहिलीय. त्यांनी त्या दोघांना उपदेश केला नाही. बोलता बोलता निघालं की एकाचं लेकरू परदेशात त्याची वाट बघतंय आणि दुसरा शास्त्रज्ञ होता, त्याची पुस्तकांची मालिका अर्धी राहिली होती, जी दुसऱ्या कुणाला पुरी करता आली नसती. एकाचं माणूस अडलेलं, दुसऱ्याचं काम. पण हे त्यांना जवळ बसून, ऐकून घेऊन सापडलं, फॉरवर्ड पाठवून नव्हे.

माझे मार्क किती ते घरी कसं मोजू?

मोजून करणार काय? तरी सांगते. रिफ बाईंच्या प्रश्नावलीत एक वाक्य असं आहे, की कधीकधी वाटतं, आयुष्यात करायचं ते सगळं करून झालंय. हे तुम्हाला किती पटतं ते बघा. पटत असेल तर मार्क कमी. आमच्याकडं हे वाक्य लोक समाधानानं म्हणतात, 'सगळं झालं हो आता, कृतकृत्य', त्यामुळं आपल्या माणसांना हे वाक्य नीट लागू पडतं का ह्याची मला शंका आहे. मी अण्णांना विचारलं तर म्हणले, 'सगळं झालंय. फक्त त्या लाल सायकलचा फ्रीव्हील बदलायचा राहिलाय.' आता ह्याला किती मार्क देणार तुम्ही द्या.

तुमच्या वाचनालयात मदतीला माणसं लागतात का?

लागतात. फाटलेल्या पुस्तकांना खळ लावून पाठ चिकटवायचीय, आणि शनिवारी बालविभागात दहा-बारा पोरं येतात त्यांना मोठ्यानं गोष्ट वाचून दाखवणारं कुणीतरी हवंय, दातांची कवळी असली तरी चालेल. सोमवारी बंद असतं. येताना चष्मा आणा, आमच्याकडचा जो सगळे वापरतात त्याची एक काडी तुटलीय.